मधमाशीपालक, वय एकशे चार

सोमवार, ४ मार्च
नवी वही सुरू. मुक्काम माळ्यावरच्या जुन्या सुटकेसमध्ये, स्वेटरांच्या खाली. घरात कुणालाही पत्ता नाही. घरात कुणीही म्हणजे हीच.

मोठ्या साहेबांनी बोलावलं होतं. आमची कंपनी नळाच्या तोट्या बनवते आणि मी एकोणीस वर्षं तिचे कॉम्प्युटर सांभाळतो. आता म्हणे एक सुरक्षा प्रमुख नेमायचा. वेगळी केबिन, दाराला काच. सध्या मी जिन्याखाली बसतो, वरून कुणी धावत गेलं की कीबोर्डवर चुना पडतो. साहेब म्हणाले, दोन नावं डोळ्यांसमोर आहेत, तुमचं आणि शिष्येचं.

(शिष्या हे नाव मी ठेवलंय. माझ्या हाताखालची इंजिनिअर. नऊ वर्षांपूर्वी आली तेव्हा माउस धरण्यापासून सगळं मीच शिकवलं. माउस तिला येत होता, तरी शिकवला. पहिला धडा: दुसरा माणूस पासवर्ड टाकत असेल तर आपण तोंड फिरवायचं. दुसरा धडा: कुठल्याही फॉर्ममध्ये खरं काही लिहायचं नाही. पहिला पाळते. दुसरा तिला झेपला नाही.)

अट अशी: १४ आणि १५ तारखेला एक ऑनलाइन सुरक्षा परिषद आहे, मोफत. दोघांनी हजर राहायचं, किमान पाच कामाच्या ओळखी करायच्या, प्रमाणपत्र आणायचं. १८ ला निर्णय.

निव्वळ औपचारिकता. जाता जाता केबिनच्या दाराचं माप घेतलं. दीड फुटी पाटी आरामात बसेल.

मंगळवार, ५ मार्च, दुपारी १
परिषदेसाठी नाव नोंदवलं. शिष्येला चार मिनिटं लागली. मला दोन तास. सुरक्षा आणि घाई एकत्र नांदत नाहीत.

नाव: शाळेतल्या गणिताच्या सरांचं दिलं. जन्मवर्ष: यादीतलं सगळ्यांत वरचं. त्या हिशेबाने वय एकशे चार. कुणाला काय करायचंय? गाव: यादीतलं सगळ्यांत खालचं. व्यवसाय: मधमाशीपालन. माझ्यावर पाळत ठेवणारा आता बसेल पोळी मोजत. ईमेल: दहा दिवसांत आपोआप नष्ट होणारा पत्ता असतो, तो घेतला. काम झालं की राख.

शिष्येने फॉर्मवर सरळ स्वतःचं नाव, कंपनीचं नाव, हुद्दा, सगळं खरं लिहिलं. फोटोसुद्धा. वाईट वाटलं. नऊ वर्षं पालथ्या घड्यावर पाणी.

शुक्रवार, ८ मार्च
संकल्प:
१. रोज सकाळी अर्धा तास आरशासमोर ओळख करून द्यायचा सराव.
२. पाच ओळखी म्हणजे किमान पंचवीस करायच्या.
३. प्रमुख झाल्यावर शिष्येशी पूर्वीसारखंच वागायचं. उपकाराची भाषा नको.

रविवार, १० मार्च
सराव झाला नाही. आरसा बाथरूममध्ये आहे आणि ही बाहेरून सारखी विचारते, अहो, कुणाशी बोलताय? गोपनीय म्हणालो. म्हणाली, गोपनीय बोला, पण गीझर बंद करून बोला.

वहीच्या मागच्या पानावर कुकरच्या रिंगचं माप लिहिलेलं सापडलं. अक्षर ओळखीचं आहे. बहुधा माझंच.

बुधवार, १३ मार्च
परिषदेचा मेल आला: उद्घाटन उद्या सकाळी नऊला. कॅमेऱ्यावर मी सहा वर्षांपूर्वी चिकटपट्टी लावली होती. आज काढली. पट्टी निघाली, गोंद राहिला. नखाने खरवडला, मग खोबरेल लावलं. आता पडद्यावर मी धुक्यातून आल्यासारखा दिसतो. माणसात गूढपणा असलेला बरा.

गुरुवार, १४ मार्च, सकाळी ९.०५
तयार. वर कोट, खाली पायजमा. साहेबांनी दोन दिवस घरून काम करायची परवानगी दिलीय. लॉबी उघडली. छान आहे, खोट्या कुंड्या, खोटा कारंजा. माणूस मात्र एकही नाही. मी पहिला!

सकाळी ९.४०
अजून पहिलाच.

सकाळी १०
शिष्येला सहज फोन केला. म्हणाली, सर, उद्घाटन कधीच संपलं, सातला सुरू झालं होतं, तुम्ही दिसला नाहीत. मेल पुन्हा पाहिला. त्यातला नऊ हा मी दिलेल्या गावचा नऊ होता. यादीत सगळ्यांत खाली असलेल्या त्या गावचं घड्याळ आपल्यापुढे दोन तास चालतं. ते गाव नेमकं कुठे आहे हे मला आजही माहीत नाही.

तिला म्हणालो, मी मागच्या बाजूला बसलो होतो. ऑनलाइनला मागची बाजू नसते हे फोन ठेवल्यावर लक्षात आलं.

दुपारी ३.३०
आज ओळखींचा पहिला तास. पद्धत अशी की, फॉर्म बघून मशीन दोघांना एका टेबलावर बसवतं. तीन मिनिटं बोलायचं, घंटा वाजली की पुढचं टेबल.

पहिला: कोंबड्यांच्या खुराड्यासाठी थर्मामीटर विकणारा. तीन मिनिटं कोंबड्याच.
दुसरा: पोळ्याच्या पेट्यांना कुलपं लावतात का, असं विचारणारा एक कुलूपवाला. कुलूपवाला सुरक्षेतला धरायचा का? धरला. एक.
तिसरा: सँडविच खात होता. दोघांनीही तीन मिनिटं मान हलवली.
चौथ्या टेबलावर शिष्या.

घाम फुटला. ती धुक्याकडे बघत म्हणाली, नमस्कार आजोबा. (वय दिसतं म्हणे सगळ्यांना!) मी आवाज खोल काढून नमस्कार केला. तिने कान टवकारले. म्हणाली, तुमचा आवाज अगदी आमच्या सरांसारखा आहे. सर, तुम्हीच का?

सांगायला हवं होतं. पण आजूबाजूला पन्नास टेबलं, कोण ऐकतंय कुणास ठाऊक. सुरक्षेच्या माणसाने पहिल्याच चौकशीत ओळख उघड केली तर संपलंच. मी म्हणालो, नाही हो पोरी, मी नव्हे. मी मधमाश्यांत असतो.

ती म्हणाली, सर भेटले असते तर बरं झालं असतं, सकाळपासून दिसले नाहीत, काळजी वाटते. घंटा वाजली.

उत्तम टिकाव धरला. प्रत्यक्ष शिष्येला ओळखू आलो नाही. तरी जेवण गेलं नाही.

शुक्रवार, १५ मार्च, दुपारी २
चमत्कार! ओळखींच्या तासात थेट प्रमुख पाहुण्या माझ्या टेबलावर. एका मोठ्या बँकेच्या सुरक्षा प्रमुख आहेत, समारोपाचं भाषण त्यांचंच. म्हणाल्या, दोन दिवस यंत्रवाल्यांशी बोलून कंटाळले, म्हणून मुद्दाम तुमचं टेबल मागून घेतलं. मला सांगा, पोळं स्वतःचं रक्षण कसं करतं?

नशीब, काल रात्री झोप येईना म्हणून मधमाश्यांवर थोडं वाचून ठेवलं होतं. म्हणालो, बाई, दारावर पहारेकरी माश्या असतात. येणारीचा वास घेतात. परकी असेल तर हाकलतात. पण परकी भरल्या हाताने आली, मध घेऊन आली, तर बहुधा आत सोडतात.

बाईंनी लिहून घेतलं. चक्क लिहून घेतलं! म्हणाल्या, आमच्याकडेही चोर असाच येतो, काहीतरी फुकट घेऊन. आजोबा, दोन दिवसांत ऐकलेलं हे सगळ्यांत शहाणं वाक्य.

एकोणीस वर्षांत माझं बोलणं कुणी लिहून घेतलं नव्हतं. डोळे भरून आले. धुक्यामुळे दिसलं नसावं.

संध्याकाळी ५
समारोप. बाईंनी भाषणाची सुरुवातच मधमाशीवाल्यापासून केली. नाव घेतलं (गणिताच्या सरांचं), वय सांगितलं, टाळ्या पडल्या. हिला हाक मारली. ही हात पुसत आली, म्हणाली, कोण हे आजोबा? मी म्हणालो, मी. तिने कपाळाला हात लावून ताप बघितला.

शेवटी पडद्यावर प्रमाणपत्र झळकलं. सरांच्या नावाचं, पण आहे माझंच. मेलवर पाठवलंय म्हणे.

संध्याकाळी ६
मेलचा पत्ता आज नष्ट झाला. दहावा दिवस. राख.

शनिवार, १६ मार्च
काळजीचं कारण नाही. साहेबांना सगळं समजावून सांगेन. उलट यातच माझी योग्यता सिद्ध होते. इतका सुरक्षित माणूस त्यांना कुठे मिळणार?

पाटीवाल्याला फोन केला. अक्षरं पितळी ठेव म्हणालो.

सोमवार, १८ मार्च, दुपारी १२
साहेबांच्या खोलीत आम्ही दोघं. साहेबांनी परिषदेकडून यादी मागवली होती. आपल्या कंपनीचं एकच नाव. शिष्या: सगळ्या सत्रांना हजर, प्रमाणपत्र, एकतीस ओळखी. माझ्या नावापुढे काही नाही, कारण माझं नावच नाही.

मी सगळं सांगितलं. गणिताचे सर, मधमाश्या, जळून गेलेला पत्ता. ते भाषण साहेबांनीही ऐकलं होतं. म्हणाले, तो मधमाशीवाला म्हणजे तुम्ही? एकशे चार वर्षांचा तो माणूस? अहो, त्या वयात तो शिकायला येतो, त्याच्याकडून काही घ्या. त्याचं श्रेय कशाला घेता?

पुरावा मागितला. पुरावा शिल्लक राहू नये म्हणून तर एवढा खटाटोप केला होता.

मग मी शिष्येकडे पाहिलं. साहेबांनी तिलाच विचारलं, तू भेटलीस ना त्या आजोबांना, हेच होते का? ती खूप अवघडली. म्हणाली, आवाज सरांसारखा वाटला. मी विचारलंसुद्धा, पण ते म्हणाले, मी नव्हे.

खरं तेच सांगितलं तिने. करते काय बिचारी?

दुपारी ४
केबिन शिष्येला.

मला आनंद आहे. माझ्याच हातचं रोप.

संध्याकाळी
आनंद नाही. घरी येऊन हिला सांगितलं. वाटलं हसेल. हसली नाही. म्हणाली, ते पहारेकरी माश्यांचं मला पुन्हा सांगा. सांगितलं. शेवटपर्यंत ऐकलं तिने.

बुधवार, २० मार्च
पाटी तयार झाली. पितळी, देखणी. माळ्यावर ठेवली, सुटकेसशेजारी. सुटकेसमधले स्वेटर धुऊन, घड्या घालून ठेवलेले दिसले. वही वरच होती. घरात उंदीर झालेत का ते बघायला हवं.

शुक्रवार, २२ मार्च
नव्या प्रमुखांचा पहिला हुकूम सकाळी सुटला. ज्याचा पासवर्ड म्हणजे स्वतःचं नाव किंवा जन्मतारीख, त्याचं खातं आपोआप बंद. हुकूम योग्यच आहे, मीही हाच काढला असता. आता अर्धी कंपनी बंद पडणार म्हणून मजा बघायला बसलो.

अख्ख्या इमारतीत एकच खातं बंद पडलं.

उघडायचं तर प्रमुखाने स्वतः येऊन फॉर्म भरायचा, समोरचा माणूस खरोखर तोच आहे अशी खात्री करून सही करायची. शिष्या जिन्याखाली आली. माझ्याच टेबलाच्या कोपऱ्यावर फॉर्म भरू लागली. नाव लिहिलं. पूर्ण, वडिलांच्या नावासकट. रुजू झाल्याची तारीख लिहिली. जन्मतारीख लिहिली. न विचारता.

मला राहवलं नाही. विचारलं, जन्मतारीख तुला कशी ठाऊक? मी कुणाला सांगत नाही.

ती फॉर्मकडेच बघत म्हणाली, सर, पहिल्या दिवशी माझं खातं तयार नव्हतं. तुम्ही तुमचा पासवर्ड वहीत लिहून दिला होता, दोन दिवस माझा वापर म्हणून. नऊ वर्षं तोच असेल असं वाटलं नव्हतं.

मग 'ओळख पटली' या रकान्यात तिने सही केली.

पडद्यावर चौकट उघडली: नवा पासवर्ड निवडा. आपलं नाव नको, जन्मतारीख नको, फक्त आपल्यालाच माहीत असलेलं काहीतरी टाका. मी बोटं कीबोर्डवर ठेवली. वरून कुणीतरी धावत गेलं, चुना पडला. तो झटकला. फक्त मलाच माहीत असलेलं असं काही आठवेना.

मान वर केली. शिष्या अजून तिथेच होती. माझ्याकडे पाठ करून, भिंतीकडे तोंड फिरवून. नऊ वर्षांपूर्वी शिकवलं होतं तसंच.

बराच वेळ तशीच उभी राहिली.