वहिनींच्या कॉम्प्युटरमधली डिस्क

वहिनी,

तुमचा कॉम्प्युटर सुरू होणार नाही. आतली डिस्क मी दुरुस्तीवाल्याकडे नेली आहे.

रविवारी घरातले तिन्ही कॉम्प्युटर एकमेकांना जोडताना तुम्ही विचारलं होतं, "यात माझं काही जाणार नाही ना?" मी हसून म्हणालो, "मी आहे ना." आज सकाळी तुमचं शाळेचं फोल्डर माझ्या कॉम्प्युटरवर दिसलं. इथे उगाच दुसरी प्रत आली असेल असं समजून मी ते पुसलं. माझा शहाणपणा नडला. प्रत एकच होती, तुमच्याकडची. माझ्याकडे ती नुसती दिसत होती. तुमच्या शाळेतल्या ऐकू न येणाऱ्या मुलांचे तुम्ही तीन वर्षं रेकॉर्ड केलेले पहिले शब्द माझ्या हातून गेले.

दुरुस्तीवाला म्हणतो, निम्मे तरी परत मिळतील. एक मिळालेला त्याने ऐकवला. एक मुलगी अडखळत "पाणी" म्हणते आणि मागून तुमचा आवाज येतो, "छान, पुन्हा म्हण." असं सतरा वेळा. एका घरात राहून तुमचं काम मी आज पहिल्यांदा ऐकलं.

दादाला मीच सांगेन. मी परत तिकडेच चाललोय, जेवायला माझ्यासाठी थांबू नका.