डोरीनचं भांडं रिकामं झालं त्याची हकिकत

वॉलरिंग, विमेरा
९ फेब्रुवारी

ती. हिल्डाताईस अल्विनचा नमस्कार,

गुडघा कसा आहे? दाजींचा खोकला थांबला का? तुमच्याकडे जीलाँगला निदान समुद्राचा वारा तरी आहे, इथे ऐन उन्हाळा, पारा चाळीसच्या वर आणि माश्या. मी ठीक आहे. ठीक म्हणजे जिवंत आहे. लॉइस गेली, संसार संपला, तेव्हापासून स्वतःबद्दल याहून जास्त म्हणवत नाही.

आता मुख्य रड. नोव्हेंबरात डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, मला गहू चालत नाही. गहू, जव, राय, त्या जातीचं कुठलंच धान्य नाही. चिमूटभर पोटात गेला तरी आतडी सोलून निघतात. एकेचाळीस वर्षं गहू पेरला ताई, आणि हे फळ! (बाई म्हणाल्या, पाकिटांवरचं बारीक अक्षर वाचत जा. वाचलं. सॉसेजमध्ये गहू, सूपच्या पुडीत गहू, मोहरीच्या बाटलीत गहू, बिअरमध्ये जव. आपला गहू जातो कुठे, ते इतक्या वर्षांनी कळलं.)

गावात हे सांगायची सोय नव्हती. धान्याच्या कोठारापाशी चारचौघांत उभं राहून म्हणू काय, की मला गव्हाने जुलाब होतात? गप्प बसलो. पण इथली रीत तुला ठाऊकच आहे. घरात मयत झाली की शेजारणी महिनोन्महिने जेवण आणून देतात, भांड्याच्या बुडाला चिकटपट्टीवर नाव लिहून, आणि आपण ते रिकामं करून परत न्यायचं. भरलेलं परत करणं म्हणजे बाईच्या तोंडावर दार आपटणं. त्यात प्रत्येक रश्शाला दाटपणा यावा म्हणून मैदा! मग सगळं टिंकरला घालायचो. (कुत्रं इतकं फुगलं की मेंढ्या त्याला जुमानेनाशा झाल्या.) मी आपला उकडलेला बटाटा खायचो, भांडं घासून परत न्यायचो आणि 'काय चव होती, वा!' म्हणायचो. मग त्या बसवून घ्यायच्या, चहा व्हायचा, लॉइसच्या गोष्टी निघायच्या. खोटं बोलायचो, पण दुपार बरी जायची.

जानेवारीत पलीकडच्या शेतावरची डोरीन मटणाचा रस्सा घेऊन आली, वर पिठाचे गोळे सोडलेला, आणि आली ती बसलीच. "आज तुम्ही जेवल्याशिवाय मी हलायची नाही, अल्विनभाऊ. किती वाळलात! आरशात बघता का कधी?" लॉइसच्या खुर्चीत बसून तिने वाढलं. आता काय बोलणार? जेवलो. दोनदा वाढून घेतलं. खरं सांगू, लॉइस गेल्यापासून इतकं गोड जेवण झालं नव्हतं. तासाभरात पोटात कळा. पुढे तीन दिवस संडासातच मुक्काम. चौथ्या दिवशी ती भांडं न्यायला आली तेव्हा मी भिंत धरून उभा, मग सांगावंच लागलं. "अरे देवा, मी तुम्हाला विष घातलं हो!" म्हणून रडायला लागली. मी म्हटलं, "अगं, विष कसलं, आपल्याच शेतातला गहू तो." तरी थांबेना.

संध्याकाळपर्यंत गावभर झालं. कुणी हसलं नाही, हसले असते तर बरं झालं असतं. सगळे घाबरले. रविवारी प्रार्थनेनंतरच्या चहाला टेबलभर केक, आणि कोपऱ्यात माझ्या नावाची चिठ्ठी लावलेली वेगळी ताटली. तिच्यात एक केळं, सालासकट. अंगावरचा केकचा चुरा माझ्यावर उडेल म्हणून माणसं दोन हात लांबून बोलतात. भांडी बंद. तीन आठवडे दारावर थाप नाही. पोट मात्र अगदी उत्तम आहे.

काळजी करू नकोस. दाजींना नमस्कार.

तुझा,
अल्विन

ता. क. हा रोग घराण्यातून येतो म्हणे. तू तपासून घे. आधीच सांगायला हवं होतं, राहून गेलं.

आणखी ता. क. डोरीन तुझा शब्द मानते. तिला चार ओळी लिही, की आमच्या घराण्यात हे दुखणं येतं आणि जातं, अल्विनचं गेलं. थाप आहे, पण तुझ्या अक्षरात खरी वाटेल. भांडं घेऊन एकदा येऊ दे तिला. मी खाणार नाही, लॉइसची शपथ. (बसून राहिली तर मात्र खाईन.)