पुलाखालचा कावळा

१२ ऑगस्ट, मंगळवार

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "गोळी देते, पण आधी हे करून बघा." हातात पत्रक! 'भिंतीशी बोला – मनाच्या आरोग्यासाठी स्ट्रीट आर्ट. रविवारी सकाळी, उड्डाणपुलाखाली, अंबरनाथ पूर्व. रंग आमचे, मन तुमचं.'

मी गेले होते झोप येत नाही म्हणून. शाळेत चित्रकलेत कायम काठावर पास व्हायचे हे त्यांना सांगितलं. चालेल म्हणाल्या. झोप का येत नाही ते मात्र नाही सांगितलं. काय सांगणार – सासूबाईंच्या पिंडाला कावळा शिवला नाही म्हणून?

१३ ऑगस्ट

इथे तरी लिहून टाकते.

जूनमध्ये आई गेल्या. दहाव्याला घाटावर पिंड ठेवला, सगळे लांब उभे राहिलो. झाडावर कावळे भरपूर, पण एक खाली येईल तर शपथ. मग वचनं सुरू झाली. माझ्या नवऱ्याच्या, उन्मेषच्या, आत्या म्हणाल्या, "वहिनी, इराला डॉक्टर करू हो." इरा म्हणजे आमची मुलगी. बारावीला एकोणसाठ टक्के. ते कावळ्यांनाही माहीत असावं. कुणी म्हणालं, कुळगावच्या घरावरून भांडणार नाही. तरी नाही.

तेव्हा आत्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं. "अनुया, तू बोल बाई. तुझ्यावरच अडलंय." मग सगळ्यांनीच पाहिलं. मी म्हटलं, "आई, जे काय राहिलं असेल ते करीन." कावळे ढिम्म. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून शिववला आणि आम्ही जेवायला गेलो. उन्मेष त्या दिवशी एक शब्द बोलला नाही. त्यानंतरही आईबद्दल नाही.

तेव्हापासून मी आईंची राहिलेली इच्छा शोधतेय. अनारसे करून वाटले. त्यांच्या मैत्रिणींना साड्या दिल्या. त्यांना न आवडणारा पडदासुद्धा बदलला. आत्यांचा फोन येतो तेव्हा पहिला प्रश्न – "काही उमगलं का गं?"

१७ ऑगस्ट, रविवार

गेले. शिकवणारी मुलगी रिद्धी, केस निळे, स्वभाव गोड. "मॅम, सोचो मत. जो मनात आहे ना, ते फ्लो होऊ द्या." बाकीच्यांनी पंख काढले, फोटो काढायला उभं राहता येईल असे. मी कावळा काढला. स्प्रे नीट आवरत नाही, त्यामुळे पोट सुटलं.

रिद्धी म्हणाली, "ये तुमची फ्रीडम आहे का?"

म्हटलं, नाही, हा कावळा आहे.

१८ ऑगस्ट

झोप लागली. गजर झाला तरी कळलं नाही.

२५ ऑगस्ट

कावळ्यासमोर केळीच्या पानावर दहीभात. कुणी ठेवला माहीत नाही. रिद्धीला फोटो पाठवला. तिचं उत्तर – "वॉव, कम्युनिटी एंगेजमेंट!"

९ सप्टेंबर

पितृपक्ष सुरू झाला आणि पुलाखाली रांग. कुणीतरी कावळ्याला हळदकुंकू लावलंय. एक गुरुजी स्कूटर थांबवून बराच वेळ बघत होते. मला म्हणाले, "काढलाय छान. पण मान करडी हवी. हा डोमकावळा झाला." मी हो म्हटलं. आता भिंतीवरच्या कावळ्यालाही नियम लागू.

खरे कावळेही यायला लागलेत. भात खातात. चित्राकडे बघतही नाहीत.

उन्मेष स्टेशनला पुलाखालून जायचा. हल्ली मोठा वळसा घालून जातो. विचारलं तर म्हणाला, "गर्दी असते." जेवतानाही मान खालीच. त्याच्या मनातही तेच असणार – माझ्यामुळे आईचा जीव अडकला. विचारायचं धाडस होत नाही. नऊशे रुपयांचा पडदा बदलता येतो, हे विचारता येत नाही.

१४ सप्टेंबर, रविवार

मान करडी करायला गेले. रंगवत असताना मागे एक माणूस येऊन उभा राहिला. अंगावर मोरिवलीच्या कुठल्याशा कंपनीचा शर्ट, हातात स्टीलचा डबा. मला रंगारीण समजला असावा, कारण सरळ कावळ्याशी बोलायला लागला. "आये, मी हिरामण. दारू सोडतो म्हनून गेल्या वर्षी बोललो व्हतो. नाय सुटली. यंदा काय खोटं बोलत नाय." डबा उघडून वडे ठेवले, नाक पुसलं आणि गेला.

मी ब्रश घेऊन तशीच उभी. आम्ही घाटावर सगळे खोटं बोललो होतो. एकजात सगळे!

मग मीही बोलले. आजूबाजूला कुणी नाही बघून. "आई, तुम्ही मला फारशा आवडत नव्हतात. मीही तुम्हाला नव्हते. पण भाजीत मीठ कमी आहे हे सांगायला आता घरात कुणी नाही, आणि मला फार चुकल्यासारखं होतं." रडू आलं. रंगाचा हात तोंडाला लागला. घरी येईपर्यंत गालावर करडा पट्टा, आणि सोसायटीत कुणी सांगेल तर ना.

१५ सप्टेंबर

आत्यांचा फोन. "काही उमगलं का?" प्रथमच म्हटलं, नाही, आणि आता शोधणारही नाही. त्या म्हणाल्या, "मग भोगा." मी फोन ठेवून दिला.

उन्मेष दारात उभा राहून ऐकत होता. पाण्याचा ग्लास आणून दिला आणि गेला.

२१ सप्टेंबर, सर्वपित्री

गर्दी मावत नव्हती.

२२ सप्टेंबर

सकाळी उरलेला भात उचलायला पुलाखाली गेले, तर उन्मेष मागोमाग आला. कावळ्यासमोर उभा राहिला. माझ्याकडे न बघता म्हणाला, "आला होता. घाटावर. सगळे तुझ्याकडे बघत होते ना, तेव्हाच पिंडापाशी उतरला होता. मी हाकलला. शिवला असता तर आई गेलीच असती."

त्याला पोटभर रडू दिलं. मग आत्यांचा नंबर लावून फोन त्याच्या हातात दिला.