भुलीच्या आधीची भूल

ती. जाऊबाई यांसी,

धाकटीचा वाकून नमस्कार. तुमची पाठ आणि भाऊजींचा स्वभाव, दोन्हींना आता आराम असेल अशी आशा.

तुमच्या सांगण्यावरून परवा दवाखान्यात गेले. तिसरं आता नको म्हणजे नको (धाकटा रात्री झोपू देत नाही, थोरली दिवसा), म्हणून दंडात कातडीखाली ती गर्भनिरोधक काडी बसवून घ्यायची. डॉक्टरीणबाई फार गोड. म्हणाल्या, काडीचं काही दुखत नाही, आधी भूल देतो ना, ते भुलीचं इंजेक्शनच तेवढं झोंबतं. माझं डोकं तिथेच फिरलं. दुखू नये म्हणून जे द्यायचं तेच दुखतं, मग देतात कशाला? तर म्हणे, तेही दुखू नये म्हणून आधी बर्फ लावतो. (बर्फ झोंबू नये म्हणून काय लावतात ते विचारायचं राहिलं.) शिवाय औषधात जरासा सोडा मिसळतात, सुई अगदी बारीक घेतात आणि औषध सावकाश सोडतात. आता सावकाश म्हणजे सुई आत जास्त वेळ राहणार, हे चांगलं की वाईट? आणि सोड्याने दंड फुगला तर? नर्सबाई हसून हसून बेजार.

तेवढ्यात सासूबाईंचा फोन. मी म्हटलं, ‘आई, काळजी करू नका, छोटीशी भूल आहे.’ त्या म्हणाल्या, ‘अगं, झाली भूल तर झाली! वाढवू की त्यालाही!’ त्यांना समजावता समजावता माझा घसा सुकला.

मग बर्फाने दंड पार बधिर झाला. नर्सबाई म्हणाल्या, सुईच्या वेळी जोरात खोका, लक्ष तिकडे गेलं की टोचलेलं कळत नाही. मी अगदी मन लावून खोकले. इतकी, की डोळ्यांत पाणी आलं तरी थांबेना. आणि काय सांगू जाऊबाई, टोचल्याचं खरंच काही कळलं नाही! दंडाला रुमाल बांधून घरी आले. सासूबाई भांड्याला हात लावू देत नाहीत, आणि ह्यांचा दौऱ्यावरून रोज फोन, ‘माझी वाघीण ती!’ सगळं कसं छान चाललंय.

मुलांना गोड पापे.

तुमची,
धाकटी जाऊ

ता. क. खोकला थांबेना म्हणून मी पाणी प्यायला बाहेर गेले होते. सुई तेव्हा ट्रेमध्येच होती. पाण्याचा नळ फाटकाला लागून आहे. पुढचं तुम्हीच समजून घ्या.

आणखी एक. रुमालाखाली काहीही नाही. मला भीती वाटते हो. तुम्ही या आणि माझा दुसरा हात धरून बसा. घरी सांगा, पाठ दाखवायला आलेय.

आणि जरा लवकर या. हे शुक्रवारी येताहेत, आणि काडी बसली म्हणून भलतेच खुशीत आहेत.