पदवीधर मार्गदर्शन केंद्र, लाखनी शाखा

२ जुलै १९७९, सकाळी ८
केंद्राची पाटी लागली. जागा: कुंताच्या शिलाई मशीनशेजारी. एक टेबल, दोन खुर्च्या. 'लाखनी शाखा' मुद्दाम घातलं. मग हेड ऑफिस कुठे आहे, असं कुंताने विचारलं. बायकोला व्हिजन नसते.
ब्रीद: जशी डिग्री, तशी नोकरी. मी स्वतः बी.ए., राज्यशास्त्र, १९७१. आठ वर्षं भलतीसलती नोकरी धरली नाही. एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजचं कार्ड काढून ठेवलं आहे. योग्य कॉल येईल.

५ जुलै
पहिला क्लायंट. डोमा, बी.कॉम. मामाच्या राईस मिलमध्ये बसू का, म्हणत होता. कडक शब्दांत समजावलं, बी.कॉम. म्हणजे बँक. पटलं त्याला. दुपारी मिलमध्ये बसलेला दिसला.

११ जुलै
अड्याळचे श्यामराव मुलीला घेऊन आले. चंद्रकला, बी.एस्सी., बॉटनी, फर्स्ट क्लास. बोलते कमी, बघते फार. श्यामराव म्हणाले, "दिवाळीपावतर नोकरी लागली त ठीक. नाही त पाहुणे ठरलेच हायेत." पोरीचा चेहरा उतरला. कुंताजवळ जाऊन बसली.
मी शब्द दिला. पोरीचं कार्ड मॅट्रिकपासूनचं, नंबर वर आहे. २८ सप्टेंबरच्या आत नूतनीकरण करायचं, नाही तर नंबर गेला. कार्ड केंद्रात जमा करून घेतलं. बिस्किटाच्या डब्यात, माझ्या कार्डाखाली. डब्याला कुलूप, किल्ली या वहीच्या कव्हरात.

२० ऑगस्ट
चंद्रकला आली. कार्ड द्या, मीच जाऊन येते, म्हणाली. भंडाऱ्याला एक्स्चेंजच्या खिडकीवर एकट्या पोरीला कोण विचारतं? वजन लागतं. वजनाला लेटरहेड लागतं. छापायला टाकलं.

१४ सप्टेंबर
लेटरहेड आलं. झकास. पण रबरी शिक्का नाही. शिक्क्याशिवाय भंडाऱ्याला जाणं शोभत नाही.

२७ सप्टेंबर
शिक्का आला. उद्या पहिली बस.

२८ सप्टेंबर, दुपारी १२
स्टँडवर एक बी.एड. भेटला. त्याला डिग्रीचं महत्त्व समजावता समजावता तीन बसा गेल्या. चौथीत तो चढून गेला, मी बोलतच होतो. मग लक्षात आलं, डबा घरीच. खिडकी एकला बंद होते.

२९ सप्टेंबर
जेवण गेलं नाही. पोरीचं वाटोळं केलं मी. डबा उघडायची हिंमत होत नाही. उद्या अड्याळला जाऊन श्यामरावांना खरं सांगणार.

३० सप्टेंबर
नाही गेलो. रविवारी कुणाच्या घरी वाईट बातमी नेऊ नये.

११ ऑक्टोबर
श्यामराव आणि चंद्रकला आले. मशीनमागे मावतो का, ते पाहिलं. मावत नाही.
हातात पेढे! एक्स्चेंजमधून कॉल आला होता. भंडाऱ्याच्या एका कॉलेजात बॉटनीची डेमॉन्स्ट्रेटर. पाहुण्यांना नकार कळवला. श्यामराव पेढा हातात धरून रडत होते. मी म्हटलं, केंद्राचं पहिलं यश.
कुंताने मशीन थांबवलं. "कार्ड मीच काढून देलं, ऑगस्टातच. तुमची वही वाचली अन् किल्ली सापडली." मी जेवलो नाही त्या दिवशी सांगणार होती म्हणे, पण तिलाच वाटलं, होऊ दे एक उपास.
चंद्रकलेने पर्समधून माझं कार्ड काढलं. एका फेरीत दोन्ही कामं होतील, म्हणून नेलं होतं. हळूच म्हणाली, "काका, तुमचं सन चौऱ्याहत्तरलेच बाद झालं. आता नव्यानं नाव लिहा लागते."
पाच वर्षं मी पोस्टमनवर संशय घेत होतो.

१२ ऑक्टोबर, सकाळी ६
पहिल्या बसने भंडारा. लेटरहेड घेतलं नाही. कोणत्या खिडकीवर जायचं, ते चंद्रकलेने कागदावर लिहून दिलं आहे. अर्जात 'सध्याचा व्यवसाय' असा एक रकाना असतो. तिथे 'निरंक' लिहायचं, हेही तिनेच लिहिलंय.