उलटा टांगलेला झेंडा

ती. आई,

तुझ्या पायांवर डोकं ठेवतो, पण आज ते तापलेलं आहे, सांभाळून घे.

मी ठणठणीत आहे, जेवण वेळेवर मिळतं. तुझे गुडघे काय म्हणतात? धाकटीची साडी पोचली का?

काल इथल्या राजाचा वाढदिवस होता. त्यानिमित्त आपल्या राजदूतांनी आमच्या हॉटेलात दोन देशांच्या मैत्रीचा सोहळा ठेवला होता. दोन्ही झेंड्यांना इस्त्री मीच केली, एक सुरकुती ठेवली नाही. पण मॅनेजरने बजावलं होतं, "इस्त्रीवाल्यांनी हॉलमध्ये तोंड दाखवायचं नाही."

दाराच्या फटीतून पाहतो तर आपला झेंडा उलटा टांगलेला! तळपायाची आग मस्तकात गेली. तसाच घामेजल्या बनियनवर आत धावलो. रखवालदाराने बखोट धरून बाहेर काढलं. आणि आपले राजदूत? त्याच उलट्या झेंड्याखाली उभे राहून केक कापत होते! एवढ्या सुटाबुटातल्या माणसांत एकालाही दिसू नये गं?

हॉलमध्ये शिरलो म्हणून मॅनेजरने माझी रजा रद्द केली. मी धाकटीच्या लग्नाला येत नाही. तिला तूच सांग, माझ्याने सांगवत नाही.

राजदूतांच्या भाषणाचा छापील कागद सोबत पाठवतोय. त्यात लिहिलंय, "आम्ही एकमेकांच्या सुखदुःखात हजर असतो." लग्नात तो कागद माझ्या खुर्चीवर ठेव. तो तरी हजर राहू दे.

तुझा, अजून न निवलेला,
थोरला