सापसुरळीची ओळखपरेड

प्रिय मेहुणेबुवा,

सप्रेम नमस्कार. आपली व आपल्या प्रयोगशाळेतील समस्त बरणीबंद मंडळींची प्रकृती उत्तम असेल, अशी आशा आहे. (त्या मंडळींची प्रकृती आता बिघडण्यासारखी नाही, हे मी जाणतो, तरी विचारण्याची रीत आहे.) इकडे तुमच्या ताईच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया यशस्वी झाली; फक्त तो गुडघा वापरायला ती तयार नाही. सकाळ-संध्याकाळ बागेत चालला नाहीत तर गुडघा असाच आखडून राहील, अशी तंबी डॉक्टरांनी दिली, आणि नेमका त्याच बागेत, गुलाबाच्या कुंडीमागे, एक अपरिचित प्राणी निघाला.

“बागेत साप आहे, मी पाऊल टाकणार नाही,” असे जाहीर करून ताईने खुर्ची धरली. मी शांतपणे समजावले, की सापाला पाय नसतात, ह्याला चार आहेत. सापाला डोळे मिटता येत नाहीत, हा मिटतो. शिवाय कानाच्या जागी बारीक छिद्र आहे. अर्थात ही सापसुरळी होय. “डोळे मिटते म्हणजे तुमचं व्याख्यान ऐकत असेल,” ती म्हणाली. तथापि मूळ प्रश्न उरतोच: सापसुरळी खरी, पण कोणती? पाठ काशाच्या वाटीसारखी तकतकीत, कुशीवर गडद पट्टा, शेपटी लालसर. असली मी पूर्वी पाहिलेली नाही. ग्रंथालयातून आणलेल्या पुस्तकात पहिलाच प्रश्न असा, की शेपटी शरीराच्या किती पट?

तेव्हा फुटपट्टी, भिंग व काचेची बरणी घेऊन मी मातीत पालथा पडलो. (शेजारच्या वकीलबाईंनी कुंपणावरून विचारले, की रुग्णवाहिका बोलावू का.) बरणी अलगद ठेवली, सापसुरळी निसटली, शेपटी मात्र काठाखाली राहिली आणि एकटीच नाचू लागली. संकटात शेपटी टाकून पळणे हा त्या कुळाचा पिढीजात बचाव असून पुढे नवी शेपटी उगवते, हे मी खिडकीतल्या ताईला पडल्या पडल्याच विशद केले. “अहो, मोजायचं तेच तोडलंत की बिचारीचं,” ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिने खुर्चीतूनच चौकशी केली, की ती काही खाते का. मग काठी घेऊन दारापर्यंत आली. हल्ली कुंडीपर्यंत जाऊन येते आणि मला मागे थांबवते: “तुम्ही नका येऊ, ती तुम्हाला ओळखते.” काल तर वाकून पाहत होती. वाकून, मेहुणेबुवा!

तरी सोबतच्या छायाचित्रावरून सापसुरळीची नेमकी जात त्वरित कळवावी, ही विनंती. मुलांना आशीर्वाद.

आपला,
ताईचे यजमान

ता. क. वरची विनंती ताईच्या नजरेस पडेल म्हणून लिहिली. जात ओळखलीत तरी कळवू नका. “निरीक्षण अपुरे आहे, रोज दोन वेळा पाहत राहा,” एवढेच लिहा.

पुन्हा ता. क. ताईने सगळे वाचले. म्हणते, माहेरच्या परसात ह्या ढिगाने असत. साप नव्हे, हे तिला पहिल्याच दिवशी कळले होते. चालताना दुखते हे सांगायला संकोच वाटत होता, भीती वाटते म्हणायला वाटला नाही. ह्यावर मी सविस्तर लिहिणार होतो, परंतु कोपऱ्यावरच्या टपालपेटीत हे पत्र ती स्वतः टाकणार आहे. तिथवर ती अजून गेलेली नाही. बूट घालून दारात उभी आहे आणि म्हणते, “आटपा, ऊन चढतंय.”